ट्रेनिंग मुंबईच्या मोठ्या ऑफिसात करू की कुडाळात घराजवळ?

केवडा:

नमस्कार सगळ्यांना. मी आर्किटेक्चरच्या (बी.आर्क.) चौथ्या वर्षाला आहे, कॉलेज मुंबईत, घर मालवण तालुक्यात कट्ट्याला. जानेवारीपासून आमचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग सुरू होतंय, अख्खी एक सेमिस्टर, आणि दोन ठिकाणांहून होकार आलेत, पण पंधरा दिवस झाले माझं काही ठरत नाहीये.

एक ऑफिस मुंबईतलं, साठेक माणसांचं, ज्यांच्या बिल्डिंगचे फोटो आम्ही पहिल्या वर्षापासून बघत आलोय. पहिले दोन महिने स्टायपेंड नाही, नंतर 8,000. हॉस्टेल ट्रेनिंगच्या काळात मिळत नाही म्हणून पीजी बघावा लागेल, तो जेवण सोडून 9,000 च्या खाली कुठे मिळत नाहीये. बाबांचं छोटं किराणा दुकान आहे, भाऊ बारावीला आहे, बाबा म्हणतात तू पैशाचं बघू नको, पण मला दिसतंय ना घरात काय चाललंय ते.

दुसरं ऑफिस कुडाळात, सर धरून पाच माणसं. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची घरं, किनाऱ्यावरचे एक-दोन होमस्टे, एका जुन्या देवळाच्या सभामंडपाची दुरुस्ती, अशी कामं. 7,000 पहिल्या महिन्यापासून देतायत आणि मी घरून एसटीने जाऊन येऊन करू शकते. दिवाळीत भेटायला गेले होते तेव्हा सरांनी माझा पोर्टफोलिओ पाऊण तास बघितला, एका सेक्शनवर, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर, थांबले आणि विचारलं की इथे पागोळीचं पाणी कुठे पडतंय, आणि मला उत्तर देता आलं नाही. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

कॉलेजमधले सगळे म्हणतायत वेडी आहेस का, गावात बसून ग्रामपंचायतीचे नकाशे काढशील, पुढे मास्टर्सला अप्लाय करताना मोठं नाव लागतं. आणि फुकट कामाचा विषय काढला की एकच वाक्य ऐकायला मिळतं, बाळकृष्ण दोशींसारख्या मोठ्या आर्किटेक्टने पण पॅरिसला जगप्रसिद्ध ल कॉर्ब्युझिएकडे बिनपगारी काम केलं होतं. ज्यांनी स्वतः दोन्हीपैकी काही केलंय त्यांनी प्लीज सांगा, नुसतं 'मनाचं ऐक' नको.

ओळंबा:

केवडा, मी रत्नागिरीत चौदा वर्षं प्रॅक्टिस करतेय आणि माझं ट्रेनिंग सावंतवाडीकडे एका छोट्या ऑफिसात झालं, तेव्हा माझी बाजू कुठली ते आधीच सांगून टाकते.

माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. एका घराच्या समोरच्या भिंतीत दोन खिडक्या होत्या आणि त्यांच्यामधला चिऱ्याचा खांब मी ड्रॉइंगमध्ये 600 मिलिमीटरचा काढला होता. का, तर 600 हा आकडा बरा दिसतो. सरांनी ड्रॉइंग बघितलं, काही बोलले नाहीत, म्हणाले प्रिंट घे आणि साइटवर तूच गवंड्याला समजावून ये. गवंडी साठीचे होते, त्यांनी प्रिंट उलटी-सुलटी करून बघितली, चिऱ्यावर वीत ठेवली आणि म्हणाले, "बाय, सहाशेचो केलंय तर दर थराक चिरो तोडूचो लागतलो आणि तुकडो फुकट जातलो. दीड चिऱ्यात बसव."

आमच्याकडे तेव्हा येणारा चिरा 14 इंच लांब, 9 इंच रुंद, 7 इंच उंच असा होता. एक पूर्ण चिरा 14, मधे अर्ध्या इंचाचा सांधा आणि अर्धा चिरा 7, म्हणजे साडेएकवीस इंच, 546 मिलिमीटर. एका चिऱ्याचे बरोब्बर दोन अर्धे होतात, काही वाया जात नाही, आणि खालच्या थरात अर्धा डावीकडे असेल तर वरच्या थरात उजवीकडे घ्यायचा म्हणजे सांधा पण मोडतो. माझ्या 600 मध्ये दर थराला 9 इंचाचा तुकडा तोडून उरलेला पाच इंचाचा फेकायला लागला असता. चौदा थर होते. मी तिथेच चिऱ्यांच्या ढिगावर बसून दोन्ही खिडक्यांची मापं बदलली, दुपारी ऑफिसात येऊन अख्खा प्लान त्या साडेचौदा इंचाच्या हिशोबाने परत लावला आणि त्या दिवसापासून मला दगडी भिंतीचं ड्रॉइंग म्हणजे काय ते कळलं. कॉलेजात पाच वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि साठ माणसांच्या ऑफिसात दुसऱ्या आठवड्यात तुला गवंड्यासमोर कोणी उभं करेल असं मला वाटत नाही.

आणि पागोळीचा प्रश्न विचारणारा माणूस मिळणं सोपं नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पश्चिमेची झड वेगळीच. छपराची पाखी जोत्याच्या बाहेर किती काढायची यावर इथे भिंतीचं आयुष्य ठरतं. तो प्रश्न तुझ्या डोक्यातून जात नाहीये ना, मग तुझं शिकणं दिवाळीतच सुरू झालंय.

शेवटची_लोकल:

मी दुसरी बाजू सांगतो, कारण मी तेच केलंय जे तुझे मित्र सांगतायत. मुंबईतलं मोठं ऑफिस, नाव घेत नाही, ट्रेनिंगला सहा जण होतो. मला टॉवरचे टॉयलेट दिले. म्हणजे टॉयलेटचे टाइल लेआउट, प्लंबिंग पॉइंट आणि दरवाज्यांचं शेड्यूल, चार महिने तेवढंच. त्या टॉवरची साइट आमच्या ऑफिसपासून रिक्षाने वीस मिनिटांवर होती आणि मी ती एकदाही बघितली नाही. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा सबमिशन होतं. रात्री साडेबाराच्या आधी निघालो असे दिवस कमी, कधी लोकल चुकली की तिथेच खुर्च्या जोडून झोपायचो, आणि सकाळी साडेनऊला परत हजर. तब्येत बिघडली तेव्हा आई चिपळूणहून येऊन राहिली माझ्याकडे. त्यांनी सर्टिफिकेटवर 'कष्टाळू' असं लिहिलंय.

पण खोटं बोलणार नाही, तिथे ड्रॉइंगचा सेट कसा बांधायचा ते मी शिकलो. लेयरची नावं, बदल कुठे झालाय ते दाखवणारे रिव्हिजनचे ढग, कुठल्या शीटवर काय जातं, कन्सल्टंटचं ड्रॉइंग आलं की आधी ग्रिड जुळते का ते बघायचं, बीओक्यूतला, म्हणजे कामांच्या आणि मालाच्या यादीतला आयटम आणि डिटेल एकच सांगतायत का ते तपासायचं. पुढे नोकरीत पहिल्या दिवसापासून उपयोग झाला. लहान ऑफिसात ही शिस्त असेलच असं नाही, काही ठिकाणी फायनल, फायनल 2, फायनल नवीन अशा नावाच्या फाइली असतात आणि साइटवर जुनीच प्रिंट गेलेली असते. तेव्हा कुडाळच्या ऑफिसात गेलीस की जीएफसी ड्रॉइंगचा, म्हणजे साइटवर बांधायला देतात त्या अंतिम ड्रॉइंगचा, एखादा पूर्ण सेट दाखवा म्हण. तो नीट असेल तर मग मुंबईकडे वळून बघू नको.

आणि मुंबईलाच जायचं असेल तर सध्या तिथे ट्रेनिंगला असलेल्या कोणाशी तरी ऑफिसच्या बाहेर, चहाच्या टपरीवर बोल. घरी किती वाजता जातेस आणि साइट कितीदा बघितलीस, दोनच प्रश्न.

पाजपंढरी_रोड:

मी आर्किटेक्ट नाही, कॉन्ट्रॅक्टर आहे, दापोलीत. वडील सुतार होते. तुमच्या लोकांबरोबर वीस वर्षं काम करतोय म्हणून लिहितोय.

ताई, तुम्ही महिना कुठला निवडलाय ते आधी बघा. जानेवारी ते मे म्हणजे आपल्याकडे बांधकामाचा खरा हंगाम. चिरेखाणी चालू असतात, सगळ्यांना मिरगाच्या आत छप्पर पाहिजे असतं, त्यामुळे जोतं, भिंती, लिंटल, वासे, कौलं हे सगळं पाच महिन्यांत एका माणसाला बघायला मिळतं. तेच जून ते ऑक्टोबर कोणी आलं तर साइट बंद, पोरं ऑफिसात बसून राहतात. मुंबईत टॉवर बारा महिने चालतो पण पाच महिन्यांत त्याचे चार-सहा स्लॅब पडतात, तेवढाच तुकडा दिसतो. घर जोत्यापासून कौलापर्यंत तुम्हाला फक्त इकडे दिसेल.

दुसरं, 3 जून 2020 ला निसर्ग वादळ झालं तेव्हा आमच्या भागात घरंच्या घरं उघडी पडली. त्यानंतर दोन महिने मी फक्त छपरं केली. तेव्हा एका ऑफिसातली ट्रेनिंगची एक मुलगी माझ्याबरोबर फिरायची, वही घेऊन, कुठलं छप्पर गेलं आणि कुठलं राहिलं, प्रत्येक घराचं माप घ्यायची. तिच्या वहीत दिसायला लागलं की आमच्या वाडीत ज्यांचे वासे खालच्या लाकडाला नीट जखडलेले होते आणि ते लाकूड भिंतीत बोल्टने धरलेलं होतं त्यांची कौलं गेली पण सांगाडा राहिला, आणि ज्यांनी लोखंडी पाइपवर पत्रे नुसते हुकांनी अडकवले होते त्यांचे पत्रे बागेत जाऊन पोफळी कापून गेले. आता ती माझ्याकडे ड्रॉइंग पाठवते तेव्हा छपराच्या डिटेलमध्ये पहिला तो बोल्ट दाखवलेला असतो, लांबीसकट. मला तिला कधी फोन करून विचारावं लागत नाही.

सातबारा:

कोरडं लिहितोय पण हे वाचल्याशिवाय कुठेच जॉइन होऊ नको. तालुक्याच्या ठिकाणी बरीच ऑफिसं इंजिनिअर किंवा ड्राफ्ट्समन चालवतात, त्यातले काही उत्तम काम करतात, पण तुझं ट्रेनिंग कॉलेज तेव्हाच धरेल जेव्हा ते नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखाली झालेलं असेल. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय आर्किटेक्ट हे नावच लावता येत नाही, कलम 37. नोंदणी नंबर सीए, मग वर्ष, मग आकडा असा असतो, काउन्सिलच्या वेबसाइटवर टाकून बघ, दोन मिनिटांचं काम आहे. संकोच नको, चांगला माणूस स्वतःहून देतो.

मग एक साधं पत्र माग, ईमेल चालेल. तारीख कुठून कुठपर्यंत, वेळ किती ते किती, स्टायपेंड किती आणि महिन्याच्या कुठल्या तारखेला, आठवड्यातून साइटवर किती वेळा, आणि तू काढलेली ड्रॉइंग पोर्टफोलिओत लावायची परवानगी. शेवटचं लोक विसरतात आणि मग मास्टर्सच्या अर्जाच्या वेळी रडतात. लॉगबुक रोजच्या रोज भर, महिनाअखेरीला आठवून भरलेलं लगेच ओळखू येतं.

ग्रामपंचायतीच्या नकाशांना हसणाऱ्यांसाठी पण एक सांगतो. किनाऱ्यावरचा होमस्टे म्हटला की सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, आलेच. 2019 च्या अधिसूचनेत गावाकडच्या किनाऱ्याचे दोन भाग केलेत, 2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2,161 च्या वर वस्ती असेल तिथे भरतीच्या रेषेपासून 50 मीटर बांधकाम बंद, बाकी ठिकाणी 200 मीटर. एखादी जागा यात कुठे बसते, नकाशावरची भरतीची रेषा आणि सातबाऱ्यावरची हद्द एकमेकांवर कशी ठेवायची, हे ज्याला येतं त्याला कोकणात कामाची कमी पडत नाही. क्लायंटने जमीन घेतल्यावर कळतं की अर्ध्या प्लॉटवर काही करता येत नाही, असे किती तरी मी बघितलेत.

केवडा:

खूप खूप आभार सगळ्यांचे. काका, मिरगाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं आणि मी इथलीच आहे! सातबारा दादा, नंबर टाकून बघितला, सरांची नोंदणी आहे, 1990 च्या दशकातली.

ओळंबा ताई, एक विचारू का, तुम्हाला कधी असं वाटलं का की आपण काहीतरी मोठं बघायचं राहून गेलो? मला कॉलेजातल्या सगळ्यांच्या स्टोऱ्या दिसत राहणार त्या मोठ्या ऑफिसांच्या, आणि ते दोशींचं वाक्य तर डोक्यात बसलंय.

ओळंबा:

वाटलं, नाही कसं म्हणू. पहिली दोन वर्षं मैत्रिणींचे पगार आणि प्रोजेक्ट ऐकून वाईट वाटायचं. मग ट्रेनिंग संपल्यावर तीन वर्षं मी पुण्यात एका मोठ्या ऑफिसात नोकरी केली, पगार घेऊन, आणि शेवटची_लोकल म्हणतात ती सगळी शिस्त तिथे शिकले. ते नंतर करता येतं. गवंड्यासमोर चुकायची मुभा मात्र ट्रेनिंगलाच असते, नोकरीत त्याच चुकीचा खर्च तुझ्या नावावर लागतो.

दोशींचं म्हणशील तर ते वाक्य अर्धं सांगतात. 1951 साली ते पॅरिसला गेले तेव्हा सुरुवातीचे आठ महिने पगार नव्हता हे खरं आहे, आणि ते दिवस त्यांनी फार हालात काढले. पण त्यांना मिळालं काय ते बघ ना. ते कॉर्ब्युझिएच्या स्वतःच्या ऑफिसात, चंदीगड आणि अहमदाबादच्या ड्रॉइंगवर, त्या माणसाच्या नजरेखाली काम करत होते, आणि 1954 ला भारतात परत आल्यावर कॉर्ब्युझिएची अहमदाबादची कामं साइटवर उभं राहून बघायची जबाबदारी दोशींवर आली. मिल ओनर्सची बिल्डिंग, शोधन यांचं घर, ही कामं. शिकवणारा समोर बसलेला आणि हातात खरी बांधकामं. साठ माणसांच्या ऑफिसात ज्यांचं नाव दारावर आहे ते तुझ्या टेबलापाशी कधी येणार आहेत का, हे विचार, मग ती तुलना करू. आणि पगार न देणं ही काही त्या काळातली घ्यायची गोष्ट नाही. तुझ्या पीजीचं भाडं किराणा दुकानातून जाणार असेल तर त्या ऑफिसचं काम तुझे बाबा पैसे देऊन करून देतायत, मला ते पटत नाही आणि मी माझ्या ऑफिसात ते होऊ देत नाही. माझ्याकडे दोनच मुलं घेते वर्षाला, कारण त्याहून जास्त जणांना मला पैसेही देता येत नाहीत आणि वेळही.

एक मात्र तिकडे गेलीस की डोळे उघडे ठेव. लहान ऑफिसात चुका पण पिढीजात चालत येतात. आमच्याकडे एक नोट वर्षानुवर्षं कॉपी होत होती, सगळीकडे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, 25 मिलिमीटर. घर गणपतीपुळ्याजवळ, समुद्र समोर दिसतोय. काँक्रीटच्या कोडमध्ये, आयएस 456 मध्ये, किनाऱ्याच्या हवेत उघडं असलेलं काँक्रीट 'सिव्हिअर' धरलंय, त्याला कव्हर 45 मिलिमीटर आणि ग्रेड कमीत कमी एम 30 लागते. नोट माझ्या पोटात ढवळत होती पण बोलायचं धाडस होईना, मी ट्रेनी. शेवटी जवळच एका लॉजचा छज्जा बघितला, फार जुना नव्हता, खालचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटलेलं आणि सळया गंजून दुप्पट फुगलेल्या, बोटाने खपल्या निघत होत्या. फोटो काढून आणला आणि सरांच्या टेबलावर कोडचं पान आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी वाचलं, आरसीसी कन्सल्टंटला फोन लावला, नोट बदलली, आणि आधीच्या तीन साइटवर स्वतः जाऊन कव्हर ब्लॉक तपासून आले. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे तो त्या दिवसामुळे. चुका सगळीकडे असतात, दाखवल्यावर काय करतात ते बघ.

शेवटची_लोकल:

ओळंबा ताई, हे कव्हरचं मी सेव्ह करून ठेवतोय. आमच्याकडे कोड उघडायची वेळच आली नाही, ते सगळं कन्सल्टंट बघतील असं.

केवडा:

अपडेट देते. काल दोन्हीकडे फोन केले. मुंबईला विचारलं की साइट व्हिजिट असतात का आणि पहिल्या दोन महिन्यांत निदान प्रवासखर्च मिळेल का. एचआरच्या मॅडम चांगल्या बोलल्या, पण म्हणाल्या पॉलिसी तीच आहे आणि साइटचं टीम लीडवर अवलंबून असतं. तिथल्या एका ट्रेनीशी पण बोलले, ती अकरापर्यंत थांबते रोज, साइट अजून बघितलेली नाही, ऑगस्टपासून.

कुडाळला सरांना सातबारा दादांची सगळी यादी पाठवली, पाठवताना हात थरथरत होते की त्यांना राग येईल. संध्याकाळी उत्तर आलं, प्रत्येक मुद्द्यासमोर उत्तर लिहून, वेळ साडेनऊ ते साडेसहा, बुधवार आणि शनिवार साइट, स्टायपेंड 5 तारखेला, ड्रॉइंग पोर्टफोलिओत लावायला हरकत नाही पण क्लायंटचं नाव काढून. आणि खाली एक जीएफसी सेट जोडला होता, मी न मागता; यादीत तोही प्रश्न मी शेवटी घातला होता आणि मग पाठवायच्या आधी खोडला होता, तो त्यांना खोडलेला दिसला असणार. सत्तावीस शीट आहेत. छपराच्या शीटवर पागोळीची तुटक रेघ काढलेली आहे आणि जोत्यापासून तिचं माप घातलंय.

मी हो सांगितलं. आई रडली, बाबा काही बोलले नाहीत पण दुकान बंद करून आल्यावर एसटीचं टाइमटेबल घेऊन बसले होते. सर म्हणाले 2 जानेवारीला ऑफिसात येऊ नको, सकाळी साडेसातला थेट चिरेखाणीवर ये, देवळाच्या कामाचा चिरा निवडायचाय.

पाजपंढरी_रोड:

शाब्बास ताई. खाणीवर टोपी, पाण्याची बाटली आणि बंद बूट घाला, चप्पल नको, लाल धूळ आणि कपच्या असतात. चिरा हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघा, पिवळट पांढऱ्या मऊ मातीने भरलेली भोकं जास्त दिसली तर तो बाजूला काढा, पावसात ती माती धुऊन जाते आणि भिंत पोकळ होते. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो, म्हणून आलेला माल लगेच लावायची घाई कोणी करत असेल तर किती दिवसांपूर्वी काढलाय ते विचारा.

केवडा:

लिहून घेतलं काका, लॉगबुकच्या पहिल्या पानावर.